माथेरानची राहिली, पाचोऱ्याची का गेली?

रेल्वेचा विषय निघाला की नाशिकमध्ये मला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. माथेरानची छोटी गाडी अजून चालते, मग जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेरची का बंद पडली? आणि ब्रॉडगेजच्या, म्हणजे मोठ्या रुळांच्या गावात राहून तुम्हाला नॅरोगेजचा, म्हणजे छोट्या रुळांचा एवढा लळा कसा? म्हणून एकदाच लिहून टाकतो.

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाशिकलाही छोटी लाईन होती! नाशिकरोड स्टेशन गावापासून लांब, मधे सगळं रान. म्हणून १८८९ मध्ये मेनरोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून स्टेशनपर्यंत ट्राम टाकली. दोन डबे, ओढायला चार घोडे. पुढे पेट्रोलचं इंजिन आलं. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला तोट्यात जाऊन ती बंद पडली. पण तिचा सल्लागार इंजिनिअर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप, आणि यानंच पुढे बार्शी लाईट ही छोटी रेल्वे उभी केली. नाशिककरांना हे नाव माहीत नसतं याचं मला खरंच वाईट वाटतं.

१८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. रूळ अडीच फुटी. कॅलथ्रॉपचा हिशेब असा, की इंजिन असो वा वॅगन, चाकांच्या कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही. मग हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि माल मात्र भरपूर जातो. यानं छोटी लाईन पोट भरणारी रेल्वे करून दाखवली. पुढे हीच लाईन एका अंगानं लातूरला आणि दुसऱ्या अंगानं पंढरपूरवरून मिरजेला गेली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिनं नेल्या.

अडचण जंक्शनवर होती. छोट्या वॅगनमधला माल हमालांनी उतरवायचा आणि मोठ्या वॅगनमध्ये पुन्हा चढवायचा. वेळ जायचा, पैसा जायचा, पोती फुटायची. ट्रक आले तसा व्यापारी शेतातून थेट बाजारात माल नेऊ लागला, आणि या गाड्यांचं मालाचं उत्पन्न आटलं. उरले प्रवासी, तेही गरीब. १९९२ पासून रेल्वेनं देशभर एकच गेज करायचं धोरण जोरात राबवलं, त्यात बार्शी लाईट ब्रॉडगेज झाली. विदर्भातली शकुंतला ही छोटी गाडी १९९४ पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली, नंतर डिझेलवर, आणि शेवटी तीही थांबली.

पाचोरा-जामनेर ५६ किलोमीटर, लोकांच्या तोंडी नुसती ‘पीजे’. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जायची. फाटक आलं की गाडी अलीकडे उभी राहायची. गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन थांबायची, तो फाटक उघडून पुन्हा चढायचा. तेवढ्यात मोटारसायकलवाला कुठच्या कुठे गेलेला असे. तरी बाजाराच्या दिवशी डब्यात पाय ठेवायला जागा नसायची, माणसं टपावर बसायची. तिकीट जीपपेक्षा कितीतरी स्वस्त. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेजचं काम आहे.

माथेरानची लाईन दोन फुटी, पीरभॉय कुटुंबानं १९०७ मध्ये बांधून पुरी केलेली. चढ काही ठिकाणी वीस फुटांना एक फूट. जुलै २००५ च्या पावसात ती वाहून गेली, २०१९ मध्ये पुन्हा खचली. दोन्ही वेळा दुरुस्त करून चालू केली. दुसऱ्या वेळी तर ऑक्टोबर २०२२ उजाडला. एवढा खर्च का केला? कारण माथेरान गावाच्या अलीकडच्या दस्तुरी नाक्यापुढे मोटारीला बंदी आहे. तिथे या गाडीला मोटारीशी टक्कर द्यावी लागत नाही, आणि पर्यटक हौसेनं पैसे मोजतो. म्हणजे छोटे रूळ हा काही पीजेचा गुन्हा नव्हता. शेजारून डांबरी रस्ता गेला आणि तिचे प्रवासी गरीब होते, एवढंच.

जामनेरकरांना ब्रॉडगेज हवी आहे आणि ती त्यांना मिळायलाच हवी. दवाखान्यासाठी जळगाव गाठणाऱ्या माणसाला जुन्या गाडीचं कौतुक सांगण्यात अर्थ नाही. माझं मागणं छोटं आहे. पीजेचं एक इंजिन आणि दोन डबे पाचोरा स्टेशनात, छपराखाली, पोरांना आत चढून बसता येईल असे ठेवावेत.