तारखेचे तीन चौकोन

ब्रिटनमधला सरकारी फॉर्म उघडला की जन्मतारखेसाठी तीन रिकामे चौकोन दिसतात: दिवस, महिना, वर्ष. कॅलेंडर उघडत नाही की ड्रॉपडाउन नाही. आपल्याकडे एखाद्या ज्युनियरने असं स्क्रीन दाखवलं तर "जरा मॉडर्न कर रे" म्हणून परत पाठवतील. पण त्या तीन चौकोनांवर जेवढं डोकं खर्च झालंय, तेवढं आपल्याकडच्या अख्ख्या पोर्टलवर होत नाही. हे आधी बोलून टाकतो, मग आपल्या बाजूनेही भांडेन.

कॅलेंडर का नको? १९५८ सालच्या आजोबांना २०२५ पासून महिना-महिना मागे नेलं तर आठशे क्लिक होतात. वरच्या वर्षावर दाबलं तर यादी उघडते, पण ते दाबायचं असतं हे कळणार कसं? स्वतःची जन्मतारीख पाठ असते, ती सरळ टाइप करता आली पाहिजे. अपॉइंटमेंट घेताना वार बघावा लागतो, तिथे कॅलेंडर हवंच.

आता बारकावे. चौकोन साधे टेक्स्टचे असतात. वेबपानं ज्यात लिहितात त्या एचटीएमएलचा 'नंबर' प्रकार मुद्दाम टाळलाय, कारण त्यात माउसचं चाक फिरलं की आकडा गुपचूप बदलू शकतो आणि घातांकाचं 'ई' अक्षरही चालून जातं. त्याऐवजी 'इनपुटमोड न्यूमेरिक' ही सूचना लावतात, म्हणजे फोनवर आकड्यांचा कीपॅड येतो. वर्षाचा चौकोन जरा रुंद, चार आकडे हवेत हे न सांगता कळावं म्हणून. दोन आकडे झाले की कर्सर आपोआप पुढे उडत नाही, कारण स्क्रीन रीडरवाला (ज्याला दिसत नाही म्हणून स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लागतं तो) गोंधळतो आणि चूक दुरुस्त करायला मागे आलेला वैतागतो. महिना राहिला तर "जन्मतारखेत महिना हवा" असा नेमका संदेश येतो, फक्त तोच चौकोन लाल होतो आणि भरलेलं बाकी सगळं जागेवर राहतं. आपल्याकडे 'इनव्हॅलिड इनपुट' म्हणून पान कोरं होतं, कॅप्चासकट.

हे काम ब्रिटिश सरकारच्या गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिसचं. ही संस्था २०११ ची, त्यांचं गव्ह डॉट यूके हे संकेतस्थळ २०१२ चं आणि डिझाइन सिस्टीम, म्हणजे असे चौकोन, बटणं वगैरे तयार घटकांचा संच, २०१८ ची. प्रत्येक घटक असा का केला आणि काय केलं तर फसतं, हे त्यांनी उघड लिहून ठेवलंय. मला हेवा वाटतो तो याचाच. नावासाठीसुद्धा त्यांची शिफारस शक्यतो एकाच रकान्याची आहे. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव अशी तीन पदरी नावं असलेल्या आपल्यासारख्यांना ती देवासारखी. व्हिसाच्या अर्जात मात्र आडनाव वेगळं मागतातच, तेव्हा फार हुरळून जायला नको.

आणि आपली बाजू. ब्रिटनमध्ये इंग्रजी झालं, लागेल तिथे वेल्सची वेल्श भाषा झाली की काम संपलं. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वं आपल्याकडे २००९ पासून आहेत, तिसरी आवृत्ती २०२३ ची. ती टेंडरमध्ये 'कम्प्लायंट' (नियम पाळलेत) या एका शब्दात उरकतात, ही गोष्ट वेगळी.

वापरणाऱ्याचा विचार बघायचाच तर वडापावच्या गाडीवर बघा. यूपीआयचा स्पीकर "वीस रुपये प्राप्त झाले" ओरडतो. वडेवाल्याचे हात पिठात, फोन खिशात, समोर गर्दी. स्क्रीन बघायची सोय नाही. शिवाय गिऱ्हाईकाने दाखवलेला स्क्रीनशॉट खोटाही असू शकतो. आवाजाने दोन्ही प्रश्न सुटले. लंडनच्या बाजारात मला याच्या तोडीचं काही दिसलेलं नाही, आणि हे मी फक्त अभिमानापोटी म्हणत नाही. (थोडं अभिमानापोटीही.)

म्हणूनच मराठी फॉर्मवर देवनागरी आकडे नाकारले जातात तेव्हा जास्त चीड येते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत आकडा तपासायची 'बॅकस्लॅश डी' ही खूण फक्त इंग्रजी आकडे ओळखते, म्हणून '१२' टाइप केलं की ब्राउझरमध्येच अडतं. गंमत म्हणजे मागे सर्व्हरवर पायथन किंवा जावा या भाषा असतील तर त्यांना '१२' आकड्यात बदलता येतं. अडवतो तो दारावरचा रखवालदार. तपासणीआधी देवनागरीचे दहा आकडे (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमधले ०९६६ ते ०९६एफ) इंग्रजीत बदलून घ्यायचे, दोन ओळींचं काम आहे.

ब्रिटिशांचा कोड एमआयटी परवान्याखाली खुला आहे, म्हणजे आपणही उचलू शकतो. त्यांचं मुकुटाचं चिन्ह आणि 'ट्रान्सपोर्ट' नावाचा फॉन्ट तेवढा वापरता येत नाही. फॉन्टची अडचण नाही, मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचा 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट खुला आहे. फक्त ओळीची उंची वाढवून घ्या आणि 'र्की', 'ट्रू' अशी अक्षरं टाकून बघा, नाहीतर वरचा रफार आणि खालचा उकार कापला जातो.