आंटींचा ॿ

ठाणे पूर्वेला, कोपरीत, आमच्या समोरच्या दारात सिंधी आंटी राहतात. वय ७८. परवा त्यांच्या नातवाकडे बघून मी कौतुकाने म्हटलं, "हा तुमचा बारु ना?" आंटी म्हणाल्या, "नहीं बेटा, बारु मतलब बोझ. बच्चा याने ॿारु." माझ्या कानाला दोन्ही शब्द एकच! इतकी वर्षं त्यांच्या हातची साईभाजी खाल्ली आणि त्यांच्या भाषेतलं मूल मला ओझ्यापासून वेगळं काढता येऊ नये, हे मनाला लागलं.

मग त्यांच्याच ओट्यापाशी शिकवणी सुरू झाली. टिश्यू पेपरची पट्टी तोंडासमोर धरली. 'प' म्हटलं, जरा हलली. 'फ' म्हटलं (फणसातला, दोन्ही ओठ मिटून), सरळ उडाली. आंटींनी 'ॿ' म्हटलं, तर पट्टी जवळजवळ जागची हलेना. त्यांनी माझी दोन बोटं आपल्या गळ्यावर ठेवली आणि पुन्हा म्हटलं. कंठ बोटांखालून चक्क खाली सरकला!

आपण बोलतो ते फुप्फुसातून बाहेर येणाऱ्या श्वासावर. इथे ओठ मिटलेले असताना, आवाज चालू ठेवून कंठ खाली जातो. त्यामुळे बंद तोंडातल्या हवेचा दाब उतरतो आणि ओठ उघडताच किंचित हवा आत शिरते. सिंधीत अशी चार अक्षरं आहेत: ॻ, ॼ, ॾ, ॿ. देवनागरीत खाली आडवी रेघ देतात. जिभेला त्या 'ॼिभ' म्हणतात, तेही याच पद्धतीने.

दूध उतू गेलं की आपण 'च्च्' करतो ना, त्याला तर फुप्फुसातला श्वास लागतच नाही. जिभेचा मागचा भाग टाळूला, पुढचा दातांमागे चिकटतो. मध्ये कोंडलेली हवा जीभ ताणून विरळ करते आणि पुढची पकड सुटली की बाहेरची हवा आत घुसते. आपल्यासाठी ती फक्त हळहळ. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू भाषेत मात्र ते चक्क व्यंजन आहे, अनेक शब्दांत येणारं. मला हे फार सुंदर वाटतं.

आंटींचा नातू साधा 'ब' म्हणतो. त्या त्याला टोकत नाहीत, मला टोकतात. काल गॅलरीत, कपडे काढता काढता, मी गळ्यावर बोटं ठेवून 'ॿारु' म्हटलं. कंठ थोडासा उतरला असावा. आंटींनी चिमटे खाली ठेवले, कान माझ्याकडे केला आणि म्हणाल्या, "फिर से बोल."