गुणांकनाच्या पाच पद्धती आणि एक कोरा रकाना : माझा अनुभव

गंभीर जखमी रुग्णांच्या मृत्यूचा अंदाज वर्तवणाऱ्या गुणांकन पद्धतींची तुलना हा विषय मी पदव्युत्तर प्रबंधासाठी घेतला, तेव्हा सूत्रे तयार आहेत, केसपेपरही उपलब्ध आहेत, म्हणजे उरली ती आकडेमोड, अशा भ्रमात मी होतो.

सुरुवात आयएसएसने (इन्ज्युरी सिव्हिरिटी स्कोअर, म्हणजे इजांच्या तीव्रतेचा गुणांक) केली. 1974 च्या या पद्धतीत शरीराचे सहा भाग धरतात, प्रत्येक भागातील सर्वांत गंभीर इजेचे गुण घेतात आणि सर्वाधिक गुणांचे तीन भाग निवडून त्यांच्या गुणांच्या वर्गांची बेरीज करतात. ती जास्तीत जास्त 75 होते. माझ्या यादीतील एका रुग्णाच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली होती, बाकी इजा नव्हती. प्रत्येक मांडीला 3 गुण मिळाले, पण दोन्ही मांड्या एकाच भागात येत असल्यामुळे आयएसएस 9 वरच थांबला. 1997 मध्ये आलेला एनआयएसएस (नवा आयएसएस) भाग न पाहता सर्वांत गंभीर तीन इजा घेतो, म्हणून त्याच रुग्णाचे तिथे 18 झाले. 15 च्या वरचा गुणांक गंभीर मानण्याचा प्रघात असल्याने, हा रुग्ण अभ्यासात बसतो की नाही, इथूनच वाद सुरू झाला.

खरी अडचण आरटीएसने (रिव्हाइज्ड ट्रॉमा स्कोअर, म्हणजे रुग्णाच्या शारीरिक स्थितीवरून काढलेला गुणांक) आणली. ग्लासगो कोमा स्केल (डोळे उघडणे, बोलणे आणि हालचाल यांवरून शुद्धीची पातळी मोजणारे गुण), वरचा रक्तदाब आणि श्वसनाचा वेग या तिन्हींना 0 ते 4 गुण देऊन त्यांना अनुक्रमे 0.9368, 0.7326 आणि 0.2908 ने गुणायचे, आणि ही बेरीज आयएसएस, वय व इजेचा प्रकार यांच्यासह ट्रिस या चौथ्या पद्धतीच्या सूत्रात घालून जगण्याची शक्यता काढायची. श्वसननलिकेत नळी घातलेला रुग्ण बोलत नाही आणि त्याचा श्वसनाचा वेग यंत्र ठरवते. सर्वाधिक वजन ज्या घटकाला, तोच रकाना कोरा! मी असे सगळे केसपेपर बाजूला काढले आणि गठ्ठा मार्गदर्शक मॅडमसमोर ठेवला. त्यांनी वरचे चार-पाच चाळले आणि विचारले, “जे सर्वांत जास्त आजारी आहेत तेच वगळलेस, मग अंदाज कोणाच्या मृत्यूचा बांधतो आहेस?” नळी घालण्यापूर्वीची नोंद शोधण्यासाठी मी पुन्हा नोंदवह्या काढून बसलो. काही ठिकाणी ती परिचारिकांच्या नोंदीत सापडली, डॉक्टरांच्या नाही. (श्वसनाचा वेग मात्र पानोपानी 20 होता, तो कोणी मोजला असेल असे मला वाटत नाही.)

अपाची दोन या पाचव्या पद्धतीचा घोळ वेगळा होता. ही पद्धत 1985 ची असून अतिदक्षता विभागातील पहिल्या 24 तासांतली सर्वांत वाईट मूल्ये घेते. त्यामुळे अपघात विभागातच दगावलेल्यांचा हा गुणांक निघतच नाही. पाचही गुणांक उपलब्ध असलेल्या रुग्णांपुरतीच तुलना मर्यादित केली, तेव्हा यादी बरीच आखडली, पण निदान सर्व पद्धतींपुढे तेच रुग्ण आले.

आरओसी वक्राखालील क्षेत्रफळ (दगावणारे आणि वाचणारे यांच्यात पद्धत किती चांगला फरक करते याचे माप) काढून झाल्यावर काम संपले असे मी समजत होतो. संख्याशास्त्राच्या सरांनी मला ट्रिसने दिलेल्या सर्व मृत्यू-शक्यता निम्म्या करून तेच क्षेत्रफळ पुन्हा काढायला सांगितले. आकडा तसूभरही हलला नाही. हे क्षेत्रफळ केवळ दगावणारे आणि वाचणारे यांचा क्रम बरोबर लागला का, एवढेच पाहते. शंभरांत दहा जण दगावतील असे सूत्राने सांगितले असता प्रत्यक्षात वीस दगावले, तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. त्यासाठी रुग्णांचे जोखमीनुसार गट पाडून अपेक्षित आणि प्रत्यक्ष मृत्यू शेजारी मांडावे लागले, आणि नळी घातलेल्यांचा तक्ता मी स्वतंत्र ठेवला. त्या तक्त्याखालची टीप मात्र प्रबंधातल्या कोणत्याही परिच्छेदापेक्षा अधिक वेळा खोडून लिहावी लागली.