सुई हललीच नाही तो तास

शाळेच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला सगळ्यात आधी आठवली ती प्रयोगशाळेतली चुंबकसूची, पितळी डबी, वर काच, आणि आठ जणांच्या गटाला मिळून एकच.

दहावीला विद्युतधारेचा चुंबकीय परिणाम होता. सर म्हणाले, १८२० साली कोपनहेगनला ओरस्टेडने वर्गात शिकवता शिकवताच हे पाहिलं, तुम्हीही बघा. टॉर्चचा मोठा सेल, हातभर तांब्याची तार, खाली सुई. बाकीच्या गटांची सुई टणकन वळली, आमची हललीच नाही. सेल बदलला, टोकं घासली, तरी नाही. मला रडूच येत होतं. सर आले, काही न बोलता तार फक्त काटकोनात फिरवली आणि सुई लगेच वळली! मग विचारलं, आधी तारेभोवती चुंबकीय क्षेत्र नव्हतं का? होतं की, पण आम्ही तार पूर्व-पश्चिम धरलेली, म्हणजे तिचं क्षेत्र सुईपाशी उत्तर-दक्षिणच, पृथ्वीच्याच दिशेने, मग सुई वळणार कशाला? तार सुईला समांतर धरली की तारेचं क्षेत्र आडवं येतं. उजव्या हाताचा अंगठा धारेच्या दिशेने धरा आणि बोटं कुठे वळतात ते बघा, हे तोवर पाठ होतं पण त्या दिवशी कळलं. सरांनी फळ्यावर गणितही करून दाखवलं, सरळ तारेतून १ अँपिअर धारा, १ सेंमी अंतर, तर क्षेत्र २० मायक्रोटेस्ला (हे क्षेत्र मोजायचं एकक), आणि आपल्याकडे पृथ्वीचं जमिनीला समांतर क्षेत्र साधारण ४०, म्हणजे एवढीशी तार पृथ्वीच्या निम्मा जोर लावते!

आज माझं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत तारेची वेटोळी नव्याने भरायचं, दुकान आहे, शेतीपंपाच्या मोटरी जास्त. वायंडिंग भरून झालं की व्हार्निशच्या आधी मी एका फेजला, म्हणजे वेटोळ्यांच्या एका संचाला, बॅटरी जोडतो आणि स्टेटरच्या, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाच्या, आतून चुंबकसूची हळूहळू फिरवतो. चार पोलची, म्हणजे चार चुंबकीय ध्रुवांची, मोटर असेल तर उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण अशी सुई आलटून पालटून वळायलाच पाहिजे. मागच्या महिन्यात एका मोटरला सलग तीन ठिकाणी उत्तरच आलं, बघतो तर एका कॉइलग्रुपची, म्हणजे एका ध्रुवाच्या वेटोळ्यांची, टोकं उलटी जोडलेली. तशीच चालू केली असती तर नुसती गुरगुरली असती, तापली असती आणि शेतकऱ्याचं ऐन पाण्याच्या पाळीत वायंडिंग जळालं असतं. दुकानातल्या पोरांना मी हे सांगताना आधी तार सुईला आडवी धरून दाखवतो, सुई हलत नाही तशी, आणि विचारतो, क्षेत्र आहे का नाही? सरांसारखंच, उत्तर लगेच देत नाही.

कार्यक्रमाला येताना डझनभर चुंबकसूच्या आणतोय. प्रयोगशाळेत ठेवून घ्या, दोघांत एक तरी यावी.