त्यांना थंडी वाजत नाही का?

बर्फातल्या प्राण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. बाहेर उणे तीस-चाळीस, अंगावर स्वतःच्या केसांशिवाय काही नाही, मग ते जगतात कसे? विचारणाऱ्या बहुतेकांना वाटत असतं की त्यांच्या अंगातच आपल्यापेक्षा जास्त ऊब असणार.

तसं नसतं. १९५० साली पेर शोलँडर हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोठवणाऱ्या अलास्कातल्या आणि उष्ण पनामातल्या प्राण्यांची तुलना प्रसिद्ध केली. शरीराचं तापमान दोन्हीकडे जवळपास तेच. नुसतं पडून असताना खर्च होणारी ऊर्जाही, आकारमान लक्षात घेतलं तर, सारखीच. फरक होता तो आतली ऊब बाहेर किती जाऊ द्यायची, यात. दाट लव आणि चरबी हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला भाग. मला जास्त विलक्षण वाटतं ते पुढचं.

लांडग्याचे तळवे बघा. ते उघडे असतात आणि थेट बर्फावर टेकतात. पायात उतरणारं गरम रक्त वाटेतच आपली उष्णता शेजारच्या शिरांमधून वर परतणाऱ्या थंड रक्ताला देऊन टाकतं. ऊब धडाकडे परत जाते आणि तळव्यापर्यंत फक्त तो गोठणार नाही एवढीच पोचते. म्हणजे पाय गारच असतो, तो गार राहू दिलेला असतो. तळवा गरम ठेवायचा म्हटलं तर सगळी उष्णता बर्फात जाईल. रेनडिअरच्या पायात आणखी एक सोय आहे. खुरांकडची चरबी धडातल्या चरबीपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला घट्ट होते, त्यामुळे गारठलेला पायही ताठरत नाही.

खरी कसोटी लहान जिवांची. अंग लहान तितकी ऊब पटकन निसटते आणि चरबी साठवायला जागाही नसते. युरोपातली साधी चिचुंद्री दर काही तासांनी खाल्लं नाही तर मरते, आणि तरीही ती शीतनिद्रा घेत नाही. मग ती स्वतःच लहान होते! हिवाळ्याच्या तोंडावर तिची कवटी आणि आतला मेंदूसुद्धा आकसतो आणि वसंतात पुन्हा बराचसा वाढतो. मेंदू हा फार खर्चिक अवयव, त्याचा खर्च कमी झाला की थोडक्या किड्यांवर भागतं. पोलंडचे प्राणिशास्त्रज्ञ ऑगस्ट डेनेल यांनी १९४९ मध्ये हे नोंदवलं. हाड आकसतं ही गोष्ट वाचून मी अजूनही थक्क होते.

अलास्कातली बिळात राहणारी खार याच्याही पुढे जाते. सात-आठ महिन्यांच्या शीतनिद्रेत तिच्या पोटातलं तापमान उणे २.९ अंशांपर्यंत उतरलेलं संशोधक ब्रायन बार्न्स यांनी १९८९ मध्ये दाखवलं. शून्याखाली जाऊनही रक्त गोठत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ती थरथरत स्वतःला पुन्हा सदतीस अंशांच्या आसपास आणते, थोडा वेळ तशी राहते आणि परत थंड होते.

या सगळ्यात बर्फ शत्रू आहे असं समजू नका. भुसभुशीत बर्फात हवा अडकलेली असते. त्याचा वीतभर थर साचला की वर उणे तीस असलं तरी खाली जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास टिकतं. उंदीर आणि चिचुंद्र्या तिथेच बोगदे करून अख्खा हिवाळा काढतात.

म्हणूनच ‘हवा गरम झाली तर त्यांचं बरंच की!’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये कॅनडाच्या उत्तरेला बँक्स बेटावर बर्फावर पाऊस पडला. पाणी झिरपून गोठलं आणि गवतावर बर्फाचं कडक कवच बसलं. तिथल्या मस्क ऑक्सच्या, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या केसाळ प्राण्याच्या, अंगावर जगातल्या सर्वांत उबदार लोकरींपैकी एक असते, पण खाली दिसणारं अन्न त्यांना खुरांनी उकरून काढता येईना. सुमारे वीस हजार मस्क ऑक्स मेले, थंडीने नव्हे, उपासमारीने.