शेजारच्या दारात तीन दिवसांचा पेपर

२०१७ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत, ओशिवऱ्याच्या एका टॉवरमध्ये, परदेशातून आलेल्या मुलाने चावीवाला बोलावून घराचं दार उघडून घेतलं. आत आईचा सांगाडा होता. दोघांचं शेवटचं फोनवर बोलणं झालं होतं २०१६ च्या एप्रिलमध्ये. राग मुलावर निघाला तसा शेजाऱ्यांवरही निघाला, आणि जो तो एकच विचारत होता: वास कसा आला नाही?

खरं तर वासावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या हवेत एक-दोन दिवसांत वास सुटतो, काही आठवडे राहतो आणि मग ओसरतो. सरकत्या काचेच्या खिडक्या बंद, दार घट्ट बसणारं, तर आतली हवा जिन्यात येत नाही. ती बाथरूमच्या झडपांतून डक्टमध्ये जाते, आणि डक्टला आधीच ड्रेनेजचा वास असतो. कोणाला आलाच तर "उंदीर मेला असेल" म्हणून विषय संपतो. ओशिवऱ्याच्या त्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट त्याच कुटुंबाचे होते, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. लंडनच्या वुड ग्रीन भागात २००६ च्या जानेवारीत एका बाईचा मृतदेह दोन वर्षांनंतर सापडला. घरात टीव्ही चालूच होता. शेजाऱ्यांना वास आला होता, पण तो त्यांनी खालच्या कचऱ्याच्या डब्यांचा धरला. भाड्याचा काही भाग परस्पर जमा होत होता, त्यामुळे घरमालक संस्थेलाही बराच काळ शंका आली नाही.

म्हणून शेजाऱ्याचा दोष वासापाशी मोजू नये. वास येईपर्यंत वाचवण्यासारखं काही उरलेलं नसतं. दोष मोजायचाच तर त्याच्या आधीच्या तासांत मोजावा. एकटं राहणारं म्हातारं माणूस पडतं, खुब्याचं हाड मोडतं, आणि ते लगेच मरत नाही. फरशीवर पडून राहतं. तासाभरापेक्षा जास्त वेळ उठता आलं नाही की धोका वाढत जातो: एकाच बाजूवर भार येऊन कातडी सडू लागते, दबलेले स्नायू तुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, शिवाय पाणी नाही. उन्हाळ्यात दोन दिवससुद्धा जड जातात. पहिल्या चोवीस तासांत दार उघडलं तर बरीच माणसं वाचतात.

आणि त्या चोवीस तासांत दारावर खुणा असतात. कडीला लटकलेली दुधाची पिशवी फुगलेली, पेपरवर पेपर, दिवसाढवळ्या पेटलेला दिवा, कामवाल्या बाईने बेल वाजवली आणि कोणी उघडलं नाही म्हणून ती पुढच्या कामाला निघून गेली. ही खूण ज्याने पाहिली आणि सोडून दिली त्याचा वाटा आहे, असं माझं मत. सगळ्या बिल्डिंगचा नाही. तिसऱ्या विंगमधल्या माणसाला दोष देऊन उपयोग काय?

चाळीत हे लवकर कळायचं. त्यात चाळकऱ्यांच्या मोठ्या मनाचं श्रेय कमी, सामाईक नळ आणि सामाईक संडासाचं जास्त. सकाळी माणूस नळावर दिसलं नाही की कोणीतरी हाक मारायचंच. फ्लॅटने तो नळ घरात नेला आणि त्याच्या जागी काहीच आणलं नाही. वॉचमनच्या वहीत कोण आलं ते असतं. कोण चार दिवस खाली उतरलं नाही ते नसतं. मेंटेनन्स थकला तर सोसायटी पद्धतशीर व्याज लावते, उपविधींत तशी मुभा आहे. पण वेळेवर भरणाऱ्याचा चेक अचानक का थांबला हे विचारायला कोणी वर जात नाही. इथे मात्र कमिटीचा वाटा शेजाऱ्यापेक्षा मोठा.

व्हॉट्सॲप ग्रुपवर "५०२ च्या दारात पेपर पडलेत" एवढं टाकून मोकळं होऊ नये. १९६८ साली अमेरिकेत डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. खोलीत धूर सोडला तर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोक उठून सांगायला गेले. शेजारी दोन माणसं मुद्दाम थंड बसवली तेव्हा १० टक्केच. साठ जणांच्या ग्रुपवर तेच होतं. एका माणसाचं नाव घेऊन सांगावं: "काका, तुम्ही आत्ता वर जाऊन बघता का?"

वर गेल्यावर आधी नाक लावायचं. गॅसचा वास असेल तर बेल वाजवू नये, जिन्यातला दिवाही लावू नये, ठिणगी पुरते. दार हाताने ठोकावं आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावं. गॅस नसेल तर बेल, मग मोबाइलवर फोन करून दाराला कान लावायचा. आत रिंग वाजतेय आणि कोणी उचलत नाही, म्हणजे माणूस आत आहे असं धरून चालावं. पार्किंगमध्ये गाडी आहे का, वॉचमनने बाहेर जाताना पाहिलं का, नातेवाइकांना काही माहीत आहे का, हे सगळं पंधरा मिनिटांत होतं. त्यानंतर ११२. आतून हाक किंवा कण्हणं ऐकू आलं तर पोलिसांची वाट न बघता दार तोडावं. तसं काही नसेल तर पोलिसांसमोर उघडावं. आत मृत्यू झालेला निघाला तर अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा होतो, तेव्हा वस्तूंना हात लागलेला नसणं सगळ्यांच्याच सोयीचं.

कायद्याने बघायचं तर नुसतं लक्ष न देणं शेजाऱ्यासाठी गुन्हा नाही. एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवणं आणि त्यांना महिन्यातून एकदा तरी भेट देणं हे ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांनी पोलीस ठाण्यावर टाकलंय. ही यादी आपोआप भरत नाही. सेक्रेटरीने नावं नेऊन द्यावी लागतात, आणि ते काम एका दुपारचं आहे.

जास्तीची चावी शेजारी ठेवण्याचा सल्ला सगळेच देतात, पण निम्म्या घरांत ती निरुपयोगी असते, कारण रात्री आतून वरची कडी लावलेली असते. एकट्या माणसाने फक्त लॅच लावावं. भीती वाटत असेल तर सेफ्टी डोअरलाही बाहेरून किल्लीने उघडणारं कुलूप बसवावं. बाथरूमची कडी तर काढूनच टाकावी. दार आत उघडणारं असेल तर पडलेलं माणूस नेमकं दारालाच अडतं आणि बाहेरून ढकलता येत नाही, म्हणून सुताराकडून ते बाहेर उघडणारं करून घ्यावं. दूधवाल्याकडे आणि कामवाल्या बाईकडे शेजाऱ्याचा नंबर असावा. आणि चाव्या दोन घरांत ठेवाव्यात, कारण दिवाळीत एक घर हमखास गावाला गेलेलं असतं.