भाजक न सापडलेली ३८५ अंकी संख्या

आज वहीत एकच संख्या: २^१२७७ − १. दशमान पद्धतीत ३८५ अंक, द्विमानात सलग १२७७ एक. ती संयुक्त आहे हे सिद्ध झालंय, पण १ आणि ती स्वतः सोडून तिचा एकही भाजक कुणाला माहीत नाही. १२७७ मूळ असल्यामुळे घातांकाचे अवयव पाडून काही हाती लागत नाही.

संयुक्त असल्याचा पुरावा साध्या संगणकावर क्षणात मिळतो. ल्युका–लेमर कसोटी: ४ पासून सुरुवात, वर्ग करून २ वजा, २^१२७७ − १ ने भागून बाकी, अशा १२७५ फेऱ्या. शेवटी शून्य आलं तरच मूळ. इथे येत नाही.

हातानं करून पाहायचं तर २^११ − १ = २०४७ घ्यावी. नऊ फेऱ्या: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शून्य नाही, म्हणून संयुक्त (२३ × ८९). यात प्रत्यक्ष भागाकार लागतच नाही. १९४ चा वर्ग वजा २ म्हणजे ३७६३४; हे १८ × २०४८ + ७७०, आणि २०४८ ची बाकी १, म्हणून १८ + ७७० = ७८८. द्विमानात वरचे बिट खाली आणून मिळवायचे, बस्स. आज्ञावली लिहिताना चूक होते ती इथेच: बेरीज नेमकी २^१२७७ − १ एवढी झाली तर तिला शून्य धरायचं राहून जातं आणि मूळ संख्या संयुक्त ठरते.

फर्माची कसोटी (पाया म्हणून निवडलेल्या संख्येचा, तपासायच्या संख्येहून एकनं कमी एवढा घात घेऊन तिनं भागायचं आणि बाकी १ येते का पाहायचं) लावायची तर पाया २ नको, ३ घ्यावा. घातांक मूळ असेल तर अशी प्रत्येक संख्या पाया २ वर उत्तीर्ण होते, संयुक्त असली तरी. २०४७ सुद्धा होते.

आता भाजकांकडे. मूळ भाजक २५५४क + १ याच रूपाचा हवा, शिवाय ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७. म्हणजे क ला ४ ने भागून ० किंवा ३ उरायला हवेत. क = ३ ला ७६६३ = ७९ × ९७, बाद. ४ ला १०२१७ = १७ × ६०१. ७ ला १७८७९ = १९ × ९४१. ८ ला ३ ने भाग जातो, ११ ला ५ ने. पहिला खरा उमेदवार क = १२ चा ३०६४९, आणि तोही भाग देत नाही. चाळणी चांगली आहे, पण सर्वांत लहान भाजक १९३ अंकीसुद्धा असू शकतो. तिथवर एकेक उमेदवार तपासत जाणं अशक्य.

यापुढे लंबवर्तुळी वक्रांची पद्धत: यदृच्छेनं वक्र निवडायचा, त्यावरच्या बिंदूंची गणितं करत भाजक हाती लागतो का पाहायचं, नाही तर दुसरा वक्र. तिचा खर्च शोधायच्या भाजकाच्या आकारावर जास्त अवलंबून असतो. ६० अंकी भाजकासाठी पहिली मर्यादा (एका वक्रावर गणित कुठवर न्यायचं ते ठरवणारा आकडा) साधारण २६ कोटी ठेवतात, ६५ अंकीसाठी ८५ कोटी, आणि प्रत्येक मर्यादेला हजारो वक्र. पाच अंक वाढले की काम कैक पटींनी वाढतं. वक्र रिकामे गेले तरी लहान भाजक नाही असं सिद्ध होत नाही. शक्यता तेवढी कमी होते.

खात्रीचा मार्ग म्हणजे विशेष संख्याक्षेत्र चाळणी: अशा खास रूपाच्या संख्येसाठी एका बहुपदीच्या मदतीनं असंख्य समीकरणं चाळून जमवायची आणि ती एकत्र सोडवून भाजक काढायचे. बहुपदी आयती मिळते: संख्येची दुप्पट (२^२१३)^६ − २ आहे, म्हणून क्ष^६ − २. चाळायचं काम हजारो यंत्रांवर वाटता येतं. अडतं ते नंतर या समीकरणांची जी प्रचंड सारणी सोडवावी लागते तिच्यापाशी, कारण तिला एकमेकांशी सतत बोलणारी यंत्रं लागतात. याच पद्धतीनं २^१०६१ − १ ही ३२० अंकी संख्या २०१२ मध्ये फोडली गेली. मला तरी १२७७ चा निकाल वक्रांपेक्षा इथूनच येईल असं वाटतं.

कुणी भाजक सापडल्याचा दावा केला तर पडताळणी सोपी: २ चा १२७७ वा घात त्यानं भागून बाकी १ यायला हवी. मग तो भाजक आणि उरलेला भागाकार दोन्ही मूळ आहेत का, हे वेगळं तपासायचं.